ज्ञानूतात्यांची लाल गाडी

आमच्या घरातल्या सगळ्या कपड्यांना बारीक भोकं असायची. वडील गलाईच्या दुकानात कामाला होते. सोनाराकडून आलेलं मोडकं, मिसळीचं सोनं भट्टीत वितळवायचं, तेजाबात, म्हणजे अ‍ॅसिडात, घालून त्यातलं तांबं-चांदी वेगळं काढायचं आणि शुद्ध सोन्याची लगड परत द्यायची, हा गलाईचा धंदा. तेजाबाचे थेंब उडतात, आणि वडिलांचे कपडे आमच्याच कपड्यांत धुतले जायचे. जयपूरच्या चारदीवारीत, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या शहरात, जौहरी बाजाराच्या मागच्या गल्लीत खाली दुकान आणि वर एका खोलीत आम्ही पाच माणसं. धूर जिन्याने वर यायचा. खिडकी उघडली की समोरचे ओरडायचे, बंद केली की आम्ही खोकायचो. शाळेत मुली माझी ओढणी उजेडात धरून विचारायच्या, तुम्हारे घर में चूहे हैं क्या?

दुकान ज्ञानूतात्यांचं होतं. सांगली जिल्ह्यात विट्याच्या आसपासची कितीतरी माणसं हा धंदा करत देशभर पांगली आहेत. तात्या त्यातले. गावाकडे तीन वर्षं पाऊस दगा देऊन गेला तेव्हा माझ्या वडिलांना त्यांनीच जयपूरला आणलं. वडिलांचे ते मालक, पण मला कधी मालक वाटले नाहीत. मी दहावी झाले आणि घरात माझ्या लग्नाचं बोलणं निघालं. तात्या जिन्यात उभे राहून वडिलांना म्हणाले, "पोरगी अजून भट्टीत हाय. मधीच भाईर काढू नगंस."

मी भट्टीतच राहिले आणि बी.कॉम. झाले. आईकडच्या आणि वडिलांकडच्या, दोन्ही घराण्यांत पदवी घेणारी मी पहिली. हे मी सगळ्यांना सांगते, तुम्हालाही सांगते. आता वैशाली नगरात विम्याच्या ऑफिसात आहे, टेबलावर माझ्या नावाची पाटी आहे आणि ओढणीला भोकं नाहीत. मराठी मात्र शाळेत शिकले नाही, घरातच शिकले. त्यामुळे लिहिण्यात कुठे हिंदी शिरली तर समजून घ्या.

तात्या ठेंगणे, रुंद, आणि भुवया नसलेले. भुवया भट्टीने नेल्या होत्या. अंगात कायम बाह्यांची बनियन, डोक्यावर पांढरी टोपी, तिला पुढून तांबूस डाग. कुठलीही वस्तू हातात आली की ते ती तळहातावर दोनदा उडवायचे आणि वजन सांगायचे. सोन्याच्या बाबतीत त्यांचा हात चुकत नसे. बाकीच्या बाबतीत सर्रास चुकायचा, पण सांगायचे त्याच थाटात. माझ्या लहान भावाला जन्मल्यावर उचलून त्यांनी जे वजन सांगितलं, ते आईला ऐकवलं तर ती अजून हसते.

त्यांचं एक वाक्य होतं: "आदी हीण काढ." हीण म्हणजे सोन्यात मिसळलेला हलका धातू. पण तात्यांना ते कशातही दिसायचं. कुणी लांबण लावली, कुणी चहाडी घेऊन आलं, मी कॉलेजातलं काही रंगवून सांगायला लागले, की तात्या हात वर करायचे. आदी हीण काढ, मग सांग. समोरच्या गल्लीतले सोनार त्यांनी दिलेल्या शुद्ध सोन्यात पुन्हा तांबं मिसळून दागिने करतात, याचा त्यांना राग होता. "आमी आंगोळ घालायची आन ह्यांनी परत चिखलात बशिवायचं," असं म्हणायचे.

दुसरी सवय केराची. गलाईच्या दुकानात केर कधी फेकत नाहीत. फरशीवरची धूळ, भट्टीची राख, कामगारांनी हातपाय धुतलेलं पाणीसुद्धा साठवतात, कारण त्यात सोन्याचा कण असतो. तात्या आमच्या शेजारच्या आपल्या घरातली फरशीही तशीच झाडायचे, कोपऱ्यापासून आत. सुमनकाकी, म्हणजे त्यांची बायको, मग आमच्या आईला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या, "झाडा, झाडा. तुमच्या घरात सोन्याचा पाऊसच पडतोय की."

काकींना मूल नव्हतं. बोलण्याची धार होती आणि ती सगळी तात्यांवर चालायची. तात्यांना ती हवीशी असावी. काकी गावाला गेल्या की ते दुकानात विनाकारण कुणावरही ओरडायचे.

आता गाडी कशी आली ते सांगते. जौहरी बाजारात एका दुपारी नेहमीसारखी गर्दी अडली होती. गर्दीत कुणा श्रीमंताच्या मुलाची दोन माणसांची, जमिनीला चिकटलेली, भारी स्पोर्ट्स कार अडकली, आणि तिच्या पुढ्यात गाय बसली. तात्या चहा घेऊन दुकानाच्या पायरीवर उभे होते. त्यांनी वाकून काचेतून आत पाहिलं. परत आले ते खूश होऊन. वडिलांना म्हणाले की आयुष्यात पहिल्यांदा पैसेवाल्याकडे वरून खाली बघितलं. मग चहाचा शेवटचा घोट घेतला आणि म्हणाले, "त्यात हाय काय? पत्रा, लोखंड आन चार चाकं. मी करतो."

सगळे हसले. काकी हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, करा, पण पहिल्यांदा मी बसणार.

ही निव्वळ लहर नव्हती हे मला नंतर कळलं. मोठी यंत्रं आली होती, तेजाबाच्या धुरावरून चारदीवारीत तक्रारी वाढल्या होत्या, आणि तात्यांनी दुकान बंद करून गावी परतायचं ठरवलं होतं. एकदा लगड फडक्यात बांधता बांधता ते मला म्हणाले, "हितनं इतकं सोनं गेलं, पोरी. एकावर बी माझं नाव न्हाई. गावात लोक इचारतील, ज्ञानू, तिकडं काय केलंस? काय दावू, भुवया?"

आदर्श नगरात एका गालिचेवाल्या सेठजींचं रिकामं गोदाम होतं, पुढे मोठं अंगण आणि मागे मोकळं मैदान. सेठजी तात्यांचे जुने ओळखीचे. त्यांनी अंगण वापरायला दिलं, पण दिवाळीनंतर गोदाम पाडायचं होतं. ते हसत हसत बोलले, पण बोलले पक्कं, "तात्याजी, दिवाली तक अपने पैरों पर निकल गई तो आपकी. नहीं निकली तो कबाड़ी उठाएगा, मैं नहीं सुनूँगा." तात्यांनी हात जोडले आणि कबूल केलं. गावी न्यायचा ट्रकही त्याच सुमारास ठरला.

दुसऱ्या दिवशी दुकानातल्या फळीवर ओल्या मातीची एक गाडी आली, विटेएवढी. मूस आणि साचे करणारे हात होते ते, माती त्यांचं ऐकायची. तात्यांनी कागदावर एक रेघ मारली नाही. मातीच्या गाडीचं बोनेट त्यांनी पंधरा-वीस वेळा पुसून पुन्हा केलं असेल. गिऱ्हाइकं लगड घ्यायला यायची आणि तिच्याकडे बघत उभी राहायची. एका सोनाराने विचारलं, ये गणपति है क्या? तात्यांनी त्याच्याशी आठवडाभर बोलणं टाकलं.

मग सामान जमायला लागलं. अपघातात चेपलेल्या एका छोट्या गाडीचं इंजिन आणि गिअर भंगारात मिळालं. सांगाडा चौकोनी पाइपांचा. अंगाचा पत्रा मात्र खास जयपूरचा: जुन्या कूलरांचा. इथे उन्हाळ्यात घरोघरी पत्र्याचे कूलर असतात आणि गंजले की गच्चीवर पडून राहतात. तात्या आणि वडील रविवारी गच्च्या फिरले. इंजिन थंड ठेवायला पंखा हवा होता, तोही कूलरचाच बसवला. पत्रा ठोकायला रामावतारजी आले. ते ठठेरे, म्हणजे तांब्या-पितळेची भांडी ठोकून करणारे. मातीची गाडी समोर ठेवून ते हातोडी चालवायचे आणि म्हणायचे, "तात्याजी, ये तो उलटी कढ़ाई है." स्टिअरिंगला चामडं एका मोजडीवाल्याने शिवलं, मोजडीच्या टाक्याने, आणि सवयीने त्यावर एक फूल काढून ठेवलं. तात्यांनी ते राहू दिलं. बैठकीत जयपुरी रजाईचा कापूस भरला आणि वरून काकींनी गोधडीसारखे टाके घातले. शिवताना त्या म्हणत होत्या की हा माणूस मला लग्नात पालखीतून आणणार होता, आणली बैलगाडीतून, आता बघू.

माझं काम म्हणजे संध्याकाळी कॉलेजचा क्लास सुटला की गोदामात जायचं आणि मोबाइलवर इंग्रजी व्हिडिओ लावून त्यांना मराठीत सांगायचं. मी सांगायला लागले की हात वर. हीण काढ. मग अर्ध्या तासाच्या व्हिडिओचं मी एक वाक्य करायची आणि तात्या मान हलवायचे. सगळं झालं की अंगण झाडायचे, कोपऱ्यापासून आत, आणि लोखंडाचा कीस डब्यात भरून ठेवायचे. सेठजींचा चौकीदार दरवाज्यातून बघत राहायचा. त्याने वडिलांना हळूच विचारलंही होतं, इसमें सोना है क्या?

एकच गोष्ट भंगारात सापडेना. मागची चाकं रुंद बसवायची होती आणि त्यांना बसेल असा हब मिळत नव्हता. हब म्हणजे चाक ज्याच्यावर बोल्टने घट्ट बसतं तो मधला गोल तुकडा. गाडीचं सगळं ओझं त्याच्यावर. तात्यांच्या डोळ्यांत चमक आली. ओतकाम त्यांचं. म्हणाले, हे मी आपल्या भट्टीत ओततो, अ‍ॅल्युमिनियमचं.

आणि ते शोधायला निघाले शुद्ध अ‍ॅल्युमिनियम. बाजारात जुनी पातेली होती, डबे होते, स्कूटरचे भाग होते. तात्यांनी सगळं हातात घेऊन खाली ठेवलं. मिसळ आहे म्हणाले. शेवटी विजेच्या जाड तारा मिळाल्या, त्यात भेसळ नसते. त्या त्यांनी सोन्यासारख्या वितळवल्या. वरची मळी काढली, पुन्हा वितळवल्या, पुन्हा काढली. ओतलेले हब चांदीसारखे चमकत होते. तात्यांनी ते तळहातावर उडवले, वजन सांगितलं आणि चुकीचं सांगितलं. रामावतारजींनी बोटाने टिचकी मारून आवाज ऐकला आणि तोंड वाकडं केलं. पण तात्या इतके खूश होते की रामावतारजींनी हब तसाच परत दिला.

नवरात्रात एका रविवारी सकाळी गाडी पहिल्यांदा सुरू केली. गल्लीतले लोक आले होते, सेठजी खुर्ची टाकून बसले होते. इंजिन पहिल्याच झटक्यात लागलं, टाळ्या झाल्या. तात्यांनी क्लच सोडला. गाडी पाच-सहा हात पुढे गेली, तात्यांनी जरा वळवली, आणि मागचं एक चाक हळूहळू बाहेरच्या बाजूला कलंडलं. दुसरंही. गाडी मागून बसली, एखादी म्हैस बसते तशी.

बोल्टांची भोकं ताणली गेली होती आणि हब वाकले होते. कुणी तरी म्हणालं, तात्या, गाय समोर नव्हती तरी अडकली. लोक हसले. सेठजी हसले नाहीत. उठताना त्यांनी फक्त दिवाळीची आठवण करून दिली, आणि ते जास्त लागलं.

तात्या दोन दिवस गोदामाकडे गेले नाहीत. दुकानात बसून तो वाकलेला हब फिरवत राहिले. त्यांचं म्हणणं एकच होतं: धातूत कुठे तरी हीण राहिलं असणार. आणखी दोनदा वितळवतो. वडीलही मान डोलावत होते, कारण तेही गलाईचेच. गलाईच्या माणसाला दुसरं सुचतच नाही. काही बिघडलं की आणखी शुद्ध करायचं.

काकी घरी भाकरी थापत होत्या आणि तात्या तिथेही हब घेऊन बसले होते. मी आणि आई तिथेच बसलो होतो. तात्या चौथ्यांदा तेच बोलले तेव्हा काकींनी पिठाचे हात परातीत झटकले, मनगटातली पाटली काढली आणि तात्यांसमोर ठेवली.

"ही शुद्ध सोन्याची हाय का?"

"न्हाई," तात्या म्हणाले. "सोनारानं तांबं घातलंय. त्यो घालतोच."

"शुद्ध असती तर काय झालं असतं?"

तात्यांनी हातातला हब खाली ठेवला.

"भाकरी थापताना वाकली असती," काकी म्हणाल्या. "तीस वर्षं थापतीय मी ही घालून. तुमी काढून काढून देता, त्यो सोनार परत घालतो, म्हनून बायांच्या हातात दागिना टिकतो. लगड घालून कुनी भाकऱ्या करतंय व्हय?"

तात्यांनी पाटली उचलली, तळहातावर दोनदा उडवली, पण वजन सांगितलं नाही. ती परत काकींच्या हातात घातली. मग टोपी चढवली आणि बाहेर पडले. आई म्हणाली, रागावले बहुतेक. काकी म्हणाल्या, "न्हाई. लागलं त्यास्नी. जेवायला येतील."

जेवायला आले तेव्हा हातात गोणी होती आणि गोणीत जुन्या स्कूटरचे पिस्टन. पिस्टनही अ‍ॅल्युमिनियमचेच, पण मिसळीचे, म्हणून तर इंजिनातला मार सोसतात. त्या दिवशी दुकानात पहिल्यांदा असं झालं की भट्टीत मिसळ गेली आणि मिसळच बाहेर आली. मळी तेवढी काढली, बाकी कशाला हात लावला नाही. वडील सांगतात, ओतताना तात्या तोंड बाजूला करून उभे होते, जसं काही वाईट काम चाललंय. थंड झालेला हब रामावतारजींना दिला. त्यांनी टिचकी मारली, कान लावला आणि म्हणाले, "अब बोला."

हब चमकत नव्हते. राखाडी, रापलेले दिसत होते. तात्यांनी ते बसवले आणि मग रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी गाडीला मैदानात थोडं थोडं पळवलं, आधी रिकामी, मग मागे वाळूची पोती बांधून. पोत्यांच्या जागी काकींना बसवू म्हटलं तर काकींनी विचारलं, गाडीत पहिल्यांदा बसायचं ठरलंय ते पोतं म्हणून का?

रंगाचा प्रश्न आला तेव्हा सगळ्यांना वाटलं तात्या सोनेरी म्हणतील, नाहीतर जयपूरचा म्हणून गुलाबी. तात्या म्हणाले, सोनं बघून बघून डोळे गेले. लाल करा.

धनतेरसच्या दिवशी जयपुरात प्रत्येक घरात धातूची एखादी तरी वस्तू येते, निदान एक चमचा. रामावतारजींचा तो वर्षातला सगळ्यात मोठा धंद्याचा दिवस, तरी ते दुकान उघडायच्या आधी सकाळीच आदर्श नगरात आले. सेठजी आले. बाहेर रस्त्याच्या कडेला सांगलीकडे जाणारा ट्रक उभा होता, त्याला मागे जाड फळ्या लावलेल्या. ही गाडी रस्त्यावर चालवायचे कागद मिळणार नव्हते, ते तात्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. गावाकडे त्यांची स्वतःची माळाची जमीन होती, तिथे कोण अडवणार होतं? पण फाटकातून बाहेर आणि फळ्यांवरून ट्रकमध्ये तिने आपल्या चाकांवर जायचं होतं.

काकींनी बोनेटला हळदकुंकू लावलं, धने-गूळ सगळ्यांच्या हातावर ठेवले. मग साडी सावरून आत बसायला गेल्या. गाडी इतकी खाली, की बसता बसता त्या जवळजवळ पडल्याच. आतून आवाज आला, "अवो, ही गाडी हाय का न्हाणीतला पाट?"

तात्यांनी आधी मैदानाला एक फेरी मारली. मी फाटकाजवळ उभी होते. लांबच्या टोकाला गाडी वळायला लागली तेव्हा सगळे मागच्या चाकांकडे बघत होते, कारण मागच्या वेळी वळतानाच बसली होती. ती वळली. सरळ झाली. तात्यांनी वेग वाढवला, कूलरचा पंखा घोंगावला, काकींचा पदर बाहेर उडाला आणि धुळीतून ती लाल गाडी आमच्या दिशेने आली. तात्या सरळ समोर बघत होते, टोपी कपाळावर खेचलेली. काकींनी मात्र आम्हाला हात केला, राणीने करावा तसा. फाटकातून बाहेर पडताना रामावतारजींनी पत्र्यावर थाप मारली. वडील रडत होते आणि धुळीमुळे म्हणत होते.

फळ्यांवर ती एका दमात चढली. सेठजींनी टाळ्या वाजवल्या आणि चौकीदाराला पेढे आणायला पिटाळलं.

त्यानंतर तात्या ट्रकमधून उतरले आणि गोदामात परत आले. आम्हाला वाटलं काही विसरलं. त्यांनी झाडू घेतला, अंगण कोपऱ्यापासून आत झाडलं, दुकानातल्या सवयीने एका ड्रममध्ये हातपाय धुतले आणि किसाचा डबा उचलला. चौकीदाराने पुन्हा विचारलं, सोना है क्या? तात्यांनी डबा त्याच्या हातात दिला आणि म्हणाले, है. रख लो.

ट्रकवाला म्हणाला, तात्या, पुढे केबिनमध्ये बसा. काकी आधीच केबिनमध्ये बसल्या होत्या. मी माणसासारखी बसलेय, त्यांचं त्यांना विचारा, म्हणाल्या. तात्या ऐकेनात. ते मागे चढले, दोरांनी बांधलेल्या आपल्या गाडीत जाऊन बसले, दरवाजा लावून घेतला आणि स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले. ट्रक निघाला. वळणावर ट्रक डावीकडे वळला तेव्हा तात्यांनीही स्टिअरिंग डावीकडे फिरवलं. जयपुरात मला ते शेवटचे दिसले ते असे: पांढरी टोपी, भुवया नसलेलं कपाळ आणि उंचावरून बाजार बघत जाणारा माणूस.

गाडी गावात आहे. माळावर चालते. काकी तात्यांशेजारी बसून तिच्यातून शेतात जातात, आणि अजून रोज तक्रार करतात की बसायला पाट बरा. मागच्या बाजूला, लाल रंगात, रामावतारजींनी भांड्यांवर नाव कोरतात तसं ठोकून नाव घातलंय: ज्ञानू आणि सुमन, जयपूर.

हीण काढून सांगायचं तर, ज्ञानूतात्यांनी गाडी बनवली. ती चालली. तिच्यात पहिल्यांदा सुमनकाकी बसल्या.